मेंदूची दारं : किती उघडावीत, किती मिटावीत?

“आज माझं डोकंच चालत नाहीये बाई!” असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतोच. दूध उतू गेलं, वाण्याच्या यादीतला हिंग राहून गेला, मुलांच्या फीची तारीख टळून गेली, की सगळा दोष डोक्याचा. पण डोकं ‘चालतं’ म्हणजे आत नेमकं काय होतं, याचा विचार आपण क्वचितच करतो. पोट बिघडलं तर ओवा, घसा धरला तर हळद घालून दूध, हे आपल्याला पाठ असतं. मेंदूचं काही बिघडलं की मात्र आपण गप्प होतो. वय झालं, मनाचे खेळ आहेत, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलंय, अशी कारणं पुढं येतात आणि दुखणं वाढत राहतं.

हल्ली घराघरांतल्या औषधांच्या डब्यात मेंदूची औषधं दिसू लागली आहेत. कुणाच्या सासूबाईंना विस्मरणाची गोळी असते, कुणाच्या भाच्याला फिट्सची. यांपैकी काही औषधांचा संबंध मेंदूतल्या एकाच प्रकारच्या दारांशी आहे. त्या दारांचं शास्त्रीय नाव मोठं लांबलचक आहे : आयोनोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टर. नाव वाचून पान उलटू नका हं! मी काही विज्ञानाची पदवीधर नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून अर्धा दिवस शाळेत शिकवणारी बाई आहे मी. जे मला समजलं ते तुम्हाला नक्की समजेल, आणि घरातल्या एखाद्या माणसाच्या ते कामीही येईल.

निरोप्या आणि दार

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन घरांमध्ये बोळ असावा तशी त्यांच्यात एक अतिशय बारीक फट असते. एका पेशीला शेजारणीला काही कळवायचं असलं, की ती त्या फटीत एक रसायन सोडते. ते रसायन पलीकडच्या पेशीच्या भिंतीतल्या दाराला जाऊन चिकटतं. दार उघडतं, बाहेरचे सोडियम, कॅल्शियम यांचे विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि ती पेशी जागी होते. अशा कणांना ‘आयन’ म्हणतात. त्यांना वाट करून देणारी म्हणून ही दारं ‘आयोनोट्रॉपिक’. हा सारा व्यवहार सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकतो. आपण डोळ्याची पापणी लववायला याच्या कितीतरी पट वेळ घेतो!

मेंदूत असे निरोपे पुष्कळ आहेत. पण “ऊठ, कामाला लाग” हा निरोप पोचवणारा सर्वांत मोठा निरोप्या म्हणजे ग्लुटामेट. “पुरे आता, शांत हो” असं सांगणारा ‘गाबा’ नावाचा दुसरा आहे. गंमत म्हणजे मेंदू हा गाबा ग्लुटामेटपासूनच तयार करतो. एकाच कणकेची पोळी लाटावी आणि पुरीही तळावी, तसंच हे.

हे शास्त्रज्ञांनाही सहजी पटलं नव्हतं बरं का! १९५९ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं डेव्हिड कर्टिस, जॉन फिलिस आणि जेफ्री वॉटकिन्स या तिघांनी ग्लुटामेटमुळं मज्जापेशी उत्तेजित होतात असं दाखवलं. पण जो पदार्थ शरीरात सगळीकडे सापडतो, रोजच्या अन्नातही असतो, तो इतकं नाजूक काम करत असेल यावर विश्वास बसायला आणखी वीसेक वर्षं जावी लागली.

बागेतल्या मधुमालतीचा संबंध

या दारांच्या मुख्य जाती तीन. ग्लुटामेटनं तिन्ही उघडतात. पण कुठलं दार कुठलं, हे ओळखायला संशोधकांनी इतर पदार्थ वापरून पाहिले आणि ज्या पदार्थानं जे दार उघडलं, त्याचं नाव त्या दाराला दिलं. पहिलं ‘एनएमडीए’. हे रसायन प्रयोगशाळेत बनवलेलं होतं. दुसरं ‘काइनेट’. जपानमध्ये जंतांवर घरगुती औषध म्हणून एक समुद्री शेवाळ देत असत. त्यातून १९५३ साली जे आम्ल वेगळं काढलं, त्यावरून हे नाव पडलं. तिसऱ्या दाराला आज ‘आंपा’ म्हणतात. पण आधी त्याचं नाव होतं ‘क्विस्क्वालेट’ आणि ते आलं होतं आपल्या ओळखीच्या मधुमालतीवरून!

हो, तीच फाटकावर चढवलेली वेल. संध्याकाळी जिची फुलं पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि मग लाल. तिचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस इंडिका. तिच्या बिया चीनमध्ये पूर्वापार जंतांवर दिल्या जात. त्या बियांतलं आम्ल मेंदूतली ही दारं उघडू शकतं. फुलांना भिण्याचं काही कारण नाही. पण बिया मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि कुणी जंतांवर उपाय म्हणून सुचवल्या तरी देऊ नका. जंतांवर आज सोपी, सुरक्षित औषधं आहेत.

लॉकरच्या दोन किल्ल्या

या तिघांत आंपाची दारं चटकन उघडणारी आणि चटकन मिटणारी. रोजचे निरोप बव्हंशी त्यांच्यातूनच जातात. एनएमडीएचं दार मात्र मोठं चोखंदळ आहे. बँकेतला आपला लॉकर नाही का एका किल्लीनं उघडत? आपली किल्ली लागते आणि बँकेचीही लागते. तसंच या दाराचं आहे. ग्लुटामेट येऊन चिकटला तरी (आणि त्याच्या जोडीला ग्लायसिन किंवा सेरीन असं दुसरं एक रसायन हवंच) दारात मॅग्नेशियमचा एक कण बुचासारखा बसलेला असतो. ती पेशी आधीच दुसऱ्या निरोपांनी जागी झालेली असेल, तरच ते बूच निघतं. मॅग्नेशियमच्या या बुचाचा शोध १९८४ साली लागला.

म्हणजे या दाराला दोन गोष्टी एकाच वेळी घडल्याचं कळतं. तान्ह्या बाळाला आईचा आवाज आणि आईचा चेहरा एकदम मिळतो. त्याच्या मेंदूतल्या दोन वाटा एकाच वेळी जाग्या होतात, एनएमडीएची दारं उघडतात, कॅल्शियम आत जातं आणि त्या दोन वाटांमधली गाठ पक्की होते. शिकणं आणि लक्षात राहणं याचा मोठा भाग या गाठींवर उभा आहे. १९८६ साली रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश संशोधकानं उंदरांच्या मेंदूतली ही दारं औषधानं बंद करून पाहिली. गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठं आहे, हे एरवी चार-दोन वेळा पोहलं की उंदरांच्या ध्यानात राही. दारं बंद केल्यावर त्यांना ती जागा धड शिकताच येईना.

तेव्हा ही दारं मिटून चालत नाहीत. मग उघडीच राहिली तर?

दार उघडंच राहिलं तर

तेही चालत नाही. दार उघडं राहिलं की पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, पेशी थकते आणि शेवटी मरते. जॉन ओल्नी या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६९ साली हा प्रकार पुढं आणला. उत्तेजनाच्या अतिरेकानं पेशी मरतात, असं त्याचं म्हणणं होतं.

याचं सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या मातीतलंच आहे. विदर्भातल्या मैत्रिणींना लाखेची डाळ ठाऊक असेल. कुणी लाखोळी म्हणतात, हिंदीत खेसारी. भाताच्या शेतात, पीक उभं असतानाच ही पेरून ठेवतात. उरलेल्या ओलीवर ती येते आणि दुष्काळातही तगते. गरिबाला याहून मोठा आधार कुठला? पण सतत दोन-तीन महिने जेवणात मुख्यतः हीच डाळ राहिली, तर धडधाकट माणसांचे पाय ताठू लागतात. चालताना गुडघे एकमेकांवर आदळतात, काठी लागते आणि शेवटी माणूस बसल्या जागी सरकू लागतो. बुद्धी शाबूत, हात शाबूत, पाय तेवढे गेलेले! एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातल्या सागर भागात दुष्काळानंतर असे लुळे झालेले लोक पाहिल्याचं विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. रीवा भागात तर शेतमजुरांना मजुरीच या डाळीच्या रूपात मिळे.

त्यातलं विष १९६४ साली भारतातल्याच संशोधकांनी वेगळं काढलं. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एस. एल. एन. राव, अडिगा आणि सरमा यांचा त्यात मोठा वाटा होता. हे विष दिसायला ग्लुटामेटच्या भावंडासारखं आहे. आंपाची दारं त्याला निरोप्या समजून उघडतात आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जापेशी जळून जातात. १९६१ साली देशात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढं महाराष्ट्रानं २००८ साली आपल्याकडची बंदी उठवली. आता विष फार कमी असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’ असे वाणही निघाले आहेत. अधूनमधून भाजी-भाकरीबरोबर थोडी खाल्ली तर पाय जात नाहीत. धोका आहे तो रोज, महिनोन्‌महिने, दुसरं काही नसताना खाण्यात. ही डाळ घरात असेलच तर गरम पाण्यात चांगली भिजवावी आणि ते पाणी फेकून द्यावं. बरंचसं विष पाण्याबरोबर जातं. गडचिरोलीच्या एखाद्या बाईला हे सांगताना तिच्या ताटात दुसरं काय आहे, हेही मात्र विचारायला हवं.

दूरच्या कॅनडातही असंच घडलं. १९८७ साली प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले (आपल्या कोकण-गोव्याकडच्या शिनाण्यांचे भाऊबंद) खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली. शिंपल्यांनी जे सूक्ष्म शेवाळ खाल्लं होतं, त्यात डोमोइक आम्ल होतं. ते काइनेटची दारं सताड उघडतं. काही वृद्ध दगावले. जे वाचले, त्यांतल्या काहींना जुनं सगळं आठवे, पण नवं काही लक्षातच राहीना. तेव्हापासून तिथं शिंपले तपासूनच बाजारात येतात.

अर्धांगवायूच्या झटक्यातही हेच होतं. रक्त अडलं की मेंदूतल्या पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि त्यांच्यातलं ग्लुटामेट बाहेर सांडतं. शेजारच्या पेशींची दारं उघडी पडतात आणि नुकसान पसरत जातं. म्हणूनच अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

मग दारं बंद करणारी औषधं का नकोत?

हाच विचार जगभरच्या औषध कंपन्यांनी केला. एनएमडीएचं दार घट्ट बंद करणारी औषधं तयार झाली आणि १९९० च्या दशकात अर्धांगवायूच्या रोग्यांवर त्यांच्या चाचण्या झाल्या. पण रोग्यांना भास होऊ लागले, भ्रम होऊ लागला. ‘सेल्फोटेल’ नावाच्या औषधाची चाचणी तर मृत्यू वाढतात की काय या शंकेनं मध्येच थांबवावी लागली. चोर येतील म्हणून घराचं दारच भिंतीनं बुजवलं तर घरच्यांनी यायचं-जायचं कुठून?

यातून शास्त्रज्ञ एक गोष्ट शिकले. दाराला कुलूप ठोकायचं नाही, बेतानं लोटायचं. आज जी औषधं टिकली आहेत, ती या बेताची आहेत.

पहिलं मेमँटिन. आमच्या शेजारच्या आजींना अल्झायमरचा स्मृतिभ्रंश आहे आणि त्यांना हीच गोळी चालू आहे. हे औषध दार उघडं असेल तेव्हाच त्यात शिरतं आणि खरा निरोप आला की चटकन बाजूला होतं. त्यामुळं शिकण्या-समजण्याचं काम फारसं अडत नाही. अल्झायमरच्या मध्यम आणि पुढच्या अवस्थेसाठी युरोपात २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली त्याला मान्यता मिळाली. त्या आजींची सून मला म्हणाली, “वहिनी, सहा महिने झाले, पण अजून त्या मला त्यांची मावशीच समजतात. गोळी बंद करू का?” तिचं दुःख खरं आहे. कारण ही गोळी आजार बरा करत नाही, थांबवतही नाही. घसरण थोडी सुसह्य होते, चिडचिड काहींची कमी होते, आंघोळ-जेवण काही काळ स्वतःच्या हातानं होतं, एवढंच तिचं काम. एवढीच अपेक्षा ठेवून तिच्याकडे पाहायला हवं. फरक पडतो की नाही आणि बंद करायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण आपल्या मनानं नव्हे.

दुसरं केटामाइन. हे मुळात भुलीचं औषध. १९६२ साली तयार झालं आणि १९७० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. या भुलीत श्वास सहसा चालू राहतो, म्हणून लहान दवाखान्यांत आणि अपघातांत ते आजही फार उपयोगी पडतं. ते एनएमडीएचं दार अडवतं, हे १९८० नंतर कळलं. मग २००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सात जणांवरच्या एका छोट्या चाचणीत पाहिलं, की अगदी कमी मात्रेनं खोल उदासीनतेचे रोगी काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत हलके झाले. एरवीच्या गोळ्यांना आठवडे लागतात! २०१९ साली त्याच्याच एका रूपाचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत मान्य झाला. पण मुख्यतः इतर औषधांनी गुण न आलेल्यांना, दवाखान्यात बसवून आणि नंतर दोन तास नजरेखाली ठेवून तो देतात. कारण याच औषधाची नशाही होते, आणि ती नशा करणाऱ्यांचं मूत्राशय निकामी झाल्याचीही उदाहरणं आहेत.

तिसरं पेरॅम्पॅनेल. हे आंपाचं दार धीमं करतं आणि अपस्माराच्या काही रोग्यांना देतात. २०१२ साली ते मान्य झालं. त्यानं काहींना विलक्षण राग येतो, स्वभाव आक्रमक होतो. घरात असं दिसलं तर “अलीकडे फार चिडका झालाय” म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आणि चौथं तर आपल्या बायकांच्या अगदी जवळचं. दिवस गेलेल्या स्त्रीचा रक्तदाब चढून तिला झटके येतात, त्यावर मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे साधं, स्वस्त क्षार. ते अनेक तऱ्हांनी काम करत असावं. त्यांतली एक तऱ्हा म्हणजे आपण वर पाहिलेलं एनएमडीएच्या दारातलं बूच. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत भारतातल्या बायकाही होत्या. जुन्या औषधांपेक्षा मॅग्नेशियमनं झटके पुन्हा येण्याचं प्रमाण खूपच कमी झालं. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवर आणखी एक चाचणी झाली. त्यात हे औषध वेळेवर दिल्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. म्हणून गरोदरपणी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्याला आणि हाताला सूज असं काही असेल तर ‘या दिवसांत व्हायचंच’ म्हणून बसून राहू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.

“हिच्या अंगात आलंय!”

आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

हसतीखेळती, कॉलेजात जाणारी किंवा नवं लग्न झालेली मुलगी. चार दिवस ताप-डोकेदुखीचं निमित्त होतं. मग तिची झोप उडते. ती संशय घेऊ लागते, असंबद्ध बोलते, मध्येच किंचाळते. तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, झटके येतात आणि पुढं ती बोलेनाशी होते, एकटक बघत राहते. आपल्याकडे अशा वेळी काय होतं, ते वेगळं सांगायला नको. कुणी म्हणतं अंगात आलंय, कुणी म्हणतं सासरी जायचं नाही म्हणून सोंग करतेय. कुणी अंगारा आणतं, कुणी मांत्रिक गाठतं. शिकलेल्या घरांतूनही तिला वेड लागलं असं समजून वर्षानुवर्षं नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर ठेवलं जाऊ शकतं.

२००७ साली डॉ. जोसेप डाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या आजाराचं कोडं सुटलं. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून मेंदूतल्या एनएमडीएच्या दारांवरच हल्ला करते आणि ती दारं पेशीच्या भिंतीवरून नाहीशी होऊ लागतात. पुष्कळ तरुणींमध्ये याचं मूळ बीजकोशातल्या एका गाठीत सापडतं. त्या गाठीत केस, दात, कधी मज्जापेशींचाही अंश असतो. फौज त्या गाठीशी लढायला उठते आणि मेंदूवरही तुटून पडते. प्रत्येकीला गाठ असतेच असं नाही. पुरुषांना आणि लहान मुलांनाही हा आजार होतो. पण २०१३ साली ५७७ रोग्यांचा जो अभ्यास झाला, त्यात पाचांतल्या चार स्त्रिया होत्या.

न्यूयॉर्कमधली सुझाना कॅहॅलन ही तरुण पत्रकार २००९ साली चोविसाव्या वर्षी अशीच आजारी पडली. बहुतेक तपासण्या ठीक येत होत्या. शेवटी डॉ. सूहेल नज्जर यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिनं बाराही आकडे घड्याळाच्या एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले. हे मनाचं नव्हे, मेंदूचं दुखणं आहे, हे त्या साध्या चित्रानं दाखवून दिलं. उपचार झाले, ती बरी झाली आणि तिनं २०१२ साली स्वतःवर पुस्तकही लिहिलं.

हो, हा आजार बरा होतो! त्या ५७७ जणांच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर पाचांतले चार जण चांगल्या स्थितीत होते. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं की निदान होतं. गाठ असेल तर ती काढतात, आणि फौजेला आवर घालणारी औषधं देतात. उपचार जितके लवकर, तितका गुण अधिक. अंगारे-धुपारे करण्यात गेलेले आठवडे म्हणूनच फार महाग पडतात.

आणि अजिनोमोटोचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेडा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं. त्याचं सोडियमचं मीठ म्हणजेच अजिनोमोटो. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतं, चीजमध्ये असतं आणि आईच्या दुधातही भरपूर असतं. टोमॅटोच्या साराला ती जी जिभेवर रेंगाळणारी चव येते, तिच्यात याचा वाटा आहे.

मग ते खाल्ल्यानं मेंदूची दारं उघडतात का? नाही. खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतडीच खर्च करतात आणि रक्त व मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो, तो ते सहसा आत सोडत नाही. मेंदू आपलं ग्लुटामेट स्वतःच करतो. ओल्नी यांनी १९६९ साली नवजात उंदरांना टोचून फार मोठ्या मात्रा दिल्या होत्या, तेव्हा मेंदूला इजा झाली. त्यानंतर अमेरिकेत बाळांच्या तयार अन्नात ते घालणं बंद झालं. मोठ्या माणसांनी अधूनमधून खाल्लं तर भिण्यासारखं काही नाही. तान्ह्यांच्या अन्नात घालू नये आणि रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातल्या सोडियमचा हिशेब मिठातच धरावा.

घरात एवढं लक्षात ठेवा

१. फिट आली तर कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, दातांत चमचा घालू नका. रोग्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या आणि घड्याळाकडे बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

२. फिट्सची किंवा मेंदूची कुठलीही गोळी एकदम बंद करू नका. परगावी जाताना चार दिवसांची जास्तच बरोबर ठेवा.

३. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, की अर्धांगवायू समजा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेल चोळण्यात वेळ घालवू नका.

४. दहावीच्या परीक्षेसाठी मुलाला आजीची ‘स्मरणशक्तीची गोळी’ देऊन पाहू का, असं मला दोन आयांनी विचारलं आहे. मुळीच नको! मेमँटिन हे टॉनिक नव्हे. ज्या दारानं मूल शिकतं, त्या दारालाच ते हात घालतं. मुलाला झोप पुरेशी द्या आणि धडा दुसऱ्या दिवशी परत म्हणवून घ्या. याचा उपयोग जास्त होईल.

५. तुरीची डाळ आणि बेसन विश्वासाच्या दुकानातून घ्या. लाखेच्या डाळीची भेसळ यांतच होते.

६. घरातल्या कुणाचंही वागणं आठ-पंधरा दिवसांत एकदम पालटलं, आणि त्याबरोबर ताप, झटके किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. “मेंदूची सूज तर नसेल ना?” असं आपणहून विचारा. विचारायला लाजू नका. एखाद्या मुलीचं पुढचं सारं आयुष्य त्या एका प्रश्नावर अवलंबून असू शकतं.